सरकारचे पाय

१८ ऑगस्ट १९५७, रविवार. येरमाळा

पुन्हा खाजवणं सुरू. सकाळपासून सरकार मागच्या पायानं कान खरवडतोय. पाय फरशीवर आपटतो, ठक ठक. दोनदा वाटलं दाराशी कुणी आलं. उठून पाहिलं. रविवारी पोस्ट बंद, म्हणजे पोस्टमास्तरही बंद. कोण येणार?

कुत्र्याचं हे नाव इंदूनं ठेवलेलं. "सरकार, जेवायला चला," अशी हाक आली की मीच पाटावर जाऊन बसायचो आणि ती हसत सुटायची. माघात ती गेली. आता सरकारला जेवायला मी हाक मारतो. मला हाक मारायला कुणी उरलं नाही.

२४ ऑगस्ट, शनि.

उद्या पोळा. शेजारच्या राणबानं बैलांची खांदेमळणी केली. जू ओढून सोललेल्या खांद्यांना हळद न् तूप, चोळून चोळून. बैल डोळे मिटून उभे. म्हटलं, बैलाला चालतं ते कुत्र्याला का नको? उरलेली वाटी मागून आणली. सरकारचं पोट, काखा, पंजे, सगळं चोळलं. पिवळाधमक झाला.

राणबा कुंपणावरून, "मास्तर, आता शिंगं बी रंगवा की!"

मोठ्यानं हसलो. घरात माझाच आवाज परका वाटला.

२६ ऑगस्ट, सोम.

करायला गेलो गणपती आणि झाला मारुती. निम्मं तूप त्यानं चाटलं, उरलेल्यावर माती, गवताचं भूस, सगळं चिकटलं. काखा लालभडक. एक जागा ओली झालीय, वास येतो. दिवसभर स्वतःला चावतोय. माझ्याकडं बघतो आणि पुन्हा चावतो. गाढव मी.

२ सप्टें., सोम.

लोक पोस्टाच्या खिडकीशी यायचे ते आता ओट्याखालीच थांबतात. "खरूज हाय ती मास्तर, लेकरास्नी लागंल." हात लांब करून तिकिटं घेतात. आधीच कोण दोन शब्द जास्तीचे बोलत होतं म्हणा.

राणबानं मोटारीचं जळकं तेल बाटलीत आणून दिलं. "एकडाव चोपडा. कातडं नवं येतंय. न्हाय जमलं तर फिनेल हायच."

बूच काढलं. वासानंच डोळे चुरचुरले. हे तो चाटणार. बूच लावून बाटली वरच्या फळीवर ठेवली. मग बसलो नुसता. तिला विचारायच्या गोष्टी किती साठल्यात. ही एक वाढली.

५ सप्टें., गुरु.

कळंबचे ढोरडॉक्टर बैलांना लस टोचायला गावात आले होते. वाट अडवून घरी आणलं. उकिडवे बसून त्यांनी कान उलटे करून पाहिले, बोटांच्या बेचक्या पाहिल्या, भिंग लावून कातडं पाहिलं.

"खरूज दिसत नाही. तुम्ही इतके दिवस हात लावताय, तुम्हाला खाज नाही ना? मागच्या डोंगरावर गवताला तुरे आलेत. त्याची धूळ ह्याला सोसत नाही. दरवर्षी ह्याच दिवसांत होतं का?"

म्हटलं, पावसाळा सरता सरता थोडं व्हायचं. एवढं कधीच नाही.

"मग तेव्हा काय औषध करत होता?"

काहीच नाही, म्हणालो. बायको फक्त तो बाहेरून आला की पाय धुवायची. पाय, पोट. फडक्यानं कोरडं करायची, मगच आत घ्यायची.

डॉ. म्हणाले, "तेच औषध होतं, मास्तर."

पाच वर्षं मी ते सोवळं समजलो. पाच वर्षं चिडवलं तिला, "कुत्र्याला पूजेला बसवणार आहेस का?" ती म्हणायची, "त्याला बरं वाटतं हो." ती गेली त्या दिवसापासून मी ते बंद केलं. वर मनात म्हटलंही होतं, एक कटकट कमी झाली. असं म्हटलं होतं मी.

डॉ.नी सांगितलेलं लिहून ठेवतो, विसरायला नको. तेल-तूप बंद. जळकं तेल, फिनेल, राकेल चुकूनही नाही, चाटलं तर जिवावर बेतेल. माणसाची गोळी आपल्या मनानं द्यायची नाही. बाहेरून आला की साधं गार पाणी, बेचक्या कोरड्या. आठवड्याला एक अंघोळ, साबण अंगावर राहता कामा नये. ओली जागा मिठाच्या कोमट पाण्यानं पुसायची, पू वाढला तर गाडी करून कळंब. आणि गवतात सोडायचं नाही. दिवाळीपर्यंत तरी नाही.

१३ सप्टें., शुक्र.

खपली धरली. वास गेला. खाजवतो, पण मधेच विसरतो आणि झोपतो.

दारात कळशी ठेवलीय. आज मी वाकायच्या आतच त्यानं पुढचा पाय उचलून धरला. मग दुसरा. हे तिनं शिकवलेलं. मी त्याच घरात होतो, कधी पाहिलं नाही.

२० सप्टें., शुक्र.

दोर चावून पळाला. दुपारभर डोंगराच्या गवतात. आला तो अंगभर कुसळं घेऊन, डोळे सुजलेले, पोट लाल. सगळं पहिल्यापासून. ओरडलो त्याच्यावर. शेपूट पायात घालून कोपऱ्यात गेला. मग मलाच वाईट वाटलं.

त्याचा काय दोष? दहा ते पाच मी खिडकीत आणि तो मागच्या खोलीत बांधलेला. रडतो. मी लोकांची पत्रं वाचून दाखवतो, मनिऑर्डरी लिहितो आणि ऐकत राहतो.

२५ सप्टें., बुध.

मालूचं पत्र. इंदूची धाकटी बहीण, सोलापूरला असते. मी मागं सगळं कळवलं होतं.

"भावोजी, सरकारला आमच्याकडं द्या. अंगण सगळं फरशीचं, गवताचं पातं नाही. पोरं दिवसभर घरात. पाय मी धुवीन, ताईसारखेच. तुम्ही होकार कळवा, हे येऊन घेऊन जातील."

डॉ. स्टँडवर भेटले, त्यांना विचारलं. म्हणाले, "हे दरवर्षी येणार, मास्तर. कुत्र्यासाठी उत्तम होईल."

कुत्र्यासाठी उत्तम. बरोबरच आहे. त्यापुढचं त्यांनी विचारलं नाही.

२९ सप्टें., रवि.

काल कार्ड लिहिलं. "चि. मालूस आशीर्वाद. सरकारला न्यावे." एवढ्यासाठी तीन कार्डं फाडली. टपालाच्या थैलीत सरळ ठेवायचा धीर झाला नाही. बाहेर गेलो आणि चारचौघांसारखं पेटीत टाकलं.

आज रविवार, पेटी उघडत नाही. कार्ड आत पडून आहे.

निजामाचं टपाल धरून वीस वर्षं झाली या खात्यात. पत्र परत मागायला आलेल्या कितीजणांना रिकाम्या हातानं पाठवलं. गेल्याच महिन्यात एक म्हातारी आली होती, लेकाला रागानं लिहून घेतलेलं मागत. "तेवढं काढून द्या की मास्तर, लई वंगाळ बोलले म्या." मी म्हटलं, "आजी, पेटीत पडलं की ज्याच्या नावाचं त्याचं." पायरीवर बसून रडली. मी खिडकी लावून घेतली.

पेटीची किल्ली माझ्याच जानव्याला आहे.

आज तीनदा पेटीपाशी जाऊन आलो. तिसऱ्यांदा सरकारला बरोबर घेतलं होतं. मी किल्ली हातात धरून उभा, आणि तो दोर ताणून मला घराकडं ओढत होता.

टपालाची मोटार उद्या सातला.