मधली फाक

पाटण, फागुनचा शेवटचा शनिवार

प्रिय लसता,

तुझा नकाशा पोचला. फोनवर बोटांनी ताणून ताणून पाहिला. धाकट्या कान्छाकाकांच्या वाट्याची घराची फाक तू विकत घेणार, मधल्या भिंतीत दार पाडणार, मला त्यांच्याकडचा रुंद जिना मिळणार, मागच्या चौकातलं ऊनही मिळणार. मी नुसतं ‘छान आहे’ म्हटलं आणि तू हिरमुसलीस, ते मला कळलं. पण फोनवर काय बोलू, बाळ? थोरल्या काकूंच्या आणि माझ्या मध्ये एका विटेची भिंत आहे. मी इकडे शिंकले की त्या तिकडून ‘चिरंजीव हो’ म्हणतात. म्हणून हे पत्र. थैबची पुष्पा मेलबर्नला निघालीय, लप्सीच्या आंबटगोड वड्यांबरोबर तिच्या सामानात देते आहे.

कान्छाकाका तुझ्या उत्तरासाठी थांबलेत. घरचं माणूस नाही म्हणेपर्यंत बाहेरच्याला द्यायचं नाही, एवढी रीत ते पाळतात. पण हॉटेलवाले महर्जन दर दोन दिवसांनी येऊन त्यांच्या पायरीवर बसतात, आणि वैशाखात नवं वर्ष लागल्यावर काका थांबायचे नाहीत. भूकंपानंतर तो इंजिनिअर म्हणाला होता ना, की तुमची मधली फाक स्वतःच्या पायावर उभीच नाही, दोन्ही बाजूंच्या घरांनी धरून ठेवलीय म्हणून. महर्जननी काकांची बाजू पाडली तर आपलं घर कलेल, या धास्तीनं तू कर्ज काढायला निघालीस. तुझी माया कळते मला. जावई असून सुजनरावही तयार झाले म्हणजे भले आहेत.

पण तू दार कुठे काढलंयस ते पाहिलंस का? दुसऱ्या मजल्यावर, मागच्या खोलीत. मला हसू आवरेना. तिथे कुळाचा देव आहे, वेडे. दीक्षा घेतल्याशिवाय ज्या खोलीत पाऊल टाकता येत नाही, तिची भिंत नेमकी कुठे संपते हे तुला कसं ठाऊक असणार? लहानपणी तू उंबऱ्याबाहेर बसून प्रसादाची वाट पाहायचीस आणि आत काय आहे म्हणून छळायचीस. आता तर लग्न होऊन तू दुसऱ्या कुळाची झालीस. स्वतःच्या पैशानं भिंत घेशील आणि तिच्यापलीकडे तुला डोकावता यायचं नाही. थोरल्या काकूंना हे कळलं असतं तर त्यांनी बहालाच्या चौकातल्या प्रत्येक ओसरीवर वर्षभर प्रसादासारखं वाटलं असतं.

तुझे आजोबा गेल्यावर तिघा भावांनी घर वाटून घेतलं, आपल्याकडे घेतात तसं, कौलापासून जोत्यापर्यंत उभं कापून. देव कापता येईना, म्हणून तो मधल्याच्या वाट्याला. दर्शनी कोरीव खिडकीही बरोबर मधोमध, म्हणून तीही आपल्याला. तुझे बा कित्येक दिवस छाती पुढे काढून चालत होते, देव आणि खिडकी दोन्ही मिळाले म्हणून. मी मात्र दोन्ही बाजूंना भिंती चढताना पाहत होते. जिने दोन्ही भावांकडे गेले, म्हणून आपण नवा बसवला. त्यानं अर्धी खोली खाल्ली, आणि इतका उभा की धरायला दोर बांधावा लागला. चूल सगळ्यात वर, पाणी सगळ्यात खाली. मोटर आली तोवर माझे गुडघे गेले होते.

आणि देवाचं सगळं माझ्याकडे आलं. रोज पहाटे अंघोळ करून त्याच्यापुढे दिवा मीच लावायचा, दुसऱ्या कुणाचा चालत नाही. माहेरी भोज असलं तरी जेवून संध्याकाळी परत. माझी आई आजारी पडली तेव्हा सगळ्या बहिणी तिच्या उशाशी मुक्कामाला होत्या, मी तेवढी अंधार पडायच्या आत उठायची. तिनं माझा पदर धरला होता, तो मी सोडवून घेतला. तेव्हापासून त्या देवावर माझा राग आहे. पूजाही करते आणि रागही धरते, आणि त्याला सगळं कळत असणारच.

थोरल्या काकूंच्या दीपकनं त्यांच्या खालच्या मजल्यांवर परदेशी पाहुण्यांसाठी खोल्या काढल्यापासून तर मी देखावाच झालेय. खिडकीत मिरच्या वाळत घातल्या की खाली माना वर करून फोटो काढतात. परवा एक गोरी बाई दुभाष्याकरवी म्हणाली, तुम्ही किती भाग्यवान, इतक्या जुन्या घरात राहता. मी म्हटलं, बाई, आठवडाभर जिने बदलू या. त्यानं तिला काय सांगितलं कोण जाणे, तिनं मला हात जोडले.

तू म्हणतेस, बांचा जीव या घरात आहे, मां तिथून हलायची नाही. तुझं चुकत नाही, मीच सगळ्यांना तसं सांगत आलेय. कुणी विचारलं की मान ताठ करून म्हणायचं, मी इथून हलणार नाही. दुसरं काही म्हणता येत नव्हतं तेव्हा हे म्हणायला बरं वाटायचं.

आता जे सांगते ते बसून वाच. तुझे बा झोपेत गेले नाहीत. सकाळी त्यांच्या छातीत कळ आली आणि ते स्वतःच म्हणाले, हॉस्पिटलात चल. अँब्युलन्स बहालाच्या तोंडाशी येऊन उभी होती, तिचा भोंगा वर ऐकू येत होता. स्ट्रेचर जिन्याच्या चौकटीतून उतरेना. शेवटी दीपकनं त्यांना चादरीनं पाठीशी बांधलं आणि उलटा उतरू लागला. चौकटीत दोघे अडकले. वर ओढावं तर जागा नाही, खाली सोडावं तर धर नाही. मी वरच्या पायरीवर दोर धरून उभी होते. ते म्हणाले, “जरा थांबा, श्वास घेऊ द्या.” मग बोललेच नाहीत. तू पोटुशी होतीस, म्हणून सगळ्यांनी मिळून ठरवलं की झोपेत गेले असंच तुला सांगायचं. बांचा जीव या घरात आहे म्हणतेस ना, आहेच. कुठल्या पायरीवर, ते मला माहीत आहे, आणि मी रोज तिच्यावरून जाते.

माघात आपले पुरोहित गुभाजू पूजेला आले तेव्हा त्यांना चहा देताना मी हळूच विचारलं, घरात पूजेला कुणी उरलं नाही तर देवाचं काय करतात? ते सहज म्हणाले, क्षमापूजा करायची आणि बहालातल्या मोठ्या देवघरात नेऊन ठेवायचं, कितीतरी घरांचे देव तिथे गेलेत. मी म्हटलं, म्हणजे नेता येतं? त्यावर ते चहाचा पेला खाली ठेवून म्हणाले, “नेता येतं की. एवढी वर्षं तुम्ही विचारलं का नाहीत?” ते गेल्यावर मी खूप रडले, आवाज न करता, कारण पलीकडे थोरल्या काकू होत्या.

गेल्या शनिवारी औषध आणायला जाते असं त्यांना सांगून मी धोबीघाटला गेले. तिथे एका मास्तरीणबाईंचं तळमजल्यावरचं घर विकायचं आहे. साधंच आहे, रंगही फिका पडलाय. तीन बाजूंना खिडक्या. बाईंनी खुर्ची दिली, मी बसले, आणि माझ्या पायांवर ऊन होतं. मग मी दारातून बाहेर गेले, आत आले, पुन्हा बाहेर गेले. एकही पायरी नाही. बाई हसत होत्या, मलाही हसू येत होतं. लसता, कान्छाकाकांना नाही म्हणून कळव. महर्जनना दोन्ही फाका हव्याच आहेत, देव हलला की आपलीही त्यांना देऊ, आणि ती खिडकी त्यांना लखलाभ होवो. माझ्यासाठी घर घ्यायचंच असेल तर ते घे. मला इथून बाहेर काढ. हे मी तुझ्या बांना कधी म्हणाले नाही, माझ्या आईला नाही, देवाला तर नाहीच. पत्र मिळाल्यावर तू लगेच फोन करशील, आणि पलीकडे थोरल्या काकू ऐकत असतील. मी सवयीनं म्हणेन, मी इथून हलणार नाही. ते तू खरं धरू नकोस.

तुझीच,
मां