जायबंदी यादीत तिसरं वर्ष

१४ जानेवारी

मला पुन्हा विकलं! आणि कळलं कुठे, तर पेट्रोल पंपावर. ट्रकमध्ये तेल भरत होतो. पलीकडून वेन हुल्को ओरडला, "अभिनंदन रे प्रोकी! एल पासो! उन्हाळी कपडे काढ आता!"

मला वाटलं, थट्टा. हा माणूस शाळेपासून माझी थट्टा करण्यावरच जगतोय. पण म्हणाला, "आईशप्पथ, रेडिओवर सांगितलं आत्ता. आणि तुझ्या बदल्यात ओमाहाला काय मिळालं माहितीय? 'पुढे कधीतरी काहीतरी देऊ.' बस!"

असं खरंच लिहितात. पुढे कधीतरी काहीतरी. डॅरल प्रोकोपचुक, आइस हॉकीतला बचावपटू, अकरा हंगाम, दोनदा मोडलेलं नाक — किंमत काय, तर पुढे बघू!

गॉर्डचा फोन दुपारी आला. माझा एजंट. एजंटने मला सांगायचं, की मी रेडिओवर ऐकायचं? म्हणतो, "अरे राजा, घाईत झालं सगळं. तुला काय फरक पडतो? पगार तोच, घर तेच, सोफा तोच."

फोन आपटला.

१५ जानेवारी

एल पासो कुठे आहे ते नकाशात बघितलं. ज्या हॅमिल्टनसाठी खेळलो त्यांनी ओमाहाला विकलं, तिथेही कधी गेलो नव्हतो. त्यांचा शर्ट अंगाला लागला नाही, आणि दीड वर्षं मी त्यांचा खेळाडू!

१९ जानेवारी

जेवताना केल्सीने विचारलं, "बाबा, तू आता कुणाचा? ओमाहाचा की एल पासोचा? शाळेत विचारतात."

दहा वर्षांची आहे, पण वकिली डोकं. नीट सांगायला बसलो. म्हटलं, लीगने प्रत्येक क्लबला बांधून दिलंय — खेळाडूंच्या पगारावर वर्षाला एवढेच खर्च करायचे, वर एक डॉलर नाही. श्रीमंत क्लब असो की भिकारी, मर्यादा एकच. पण एखादा खेळाडू मोठ्या दुखापतीने घरी बसला, तर त्याला जायबंदी यादीत टाकतात. मग त्याच्या पगाराएवढी रक्कम मर्यादेच्या वर उडवायची मुभा मिळते.

"म्हणजे तुझ्या नावावर ते दुसरा कुणी आणणार?"

"आणला. स्वीडनचा एक फॉरवर्ड."

"मग तू बरा झालास तर?"

"तर त्यांची पंचाईत."

"म्हणजे तू आजारीच राहिलेला त्यांना बरा!"

तिची आई, नोरीन, म्हणाली, "केल्सी, पिरोगी गार होतायत. खा आधी." 

पोरीने पाच मिनिटांत ओळखलं. मला कळायला वर्ष लागलं होतं. आणि गंमत म्हणजे हे सगळं नियमात बसतं! कुणी चोरी करत नाही, कुणी खोटं बोलत नाही. फक्त एक माणूस फडताळात ठेवून द्यायचा आणि लागेल तेव्हा दुसऱ्याच्या फडताळात सरकवायचा.

२० जानेवारी

निवृत्तही होता येत नाही. रात्रभर हेच डोक्यात. निवृत्त झालो म्हटलं की करार खलास, उरलेला पगार खलास, त्यांची सवलतही खलास. म्हणून सगळे हात जोडून सांगतात — बाबा रे, तो शब्द तोंडातून काढू नकोस. माझ्या बरोबरीच्या पोरांचे निरोपाचे सामने झाले, बायकापोरांना बर्फावर बोलावलं, लोक उभे राहिले. मी मात्र ना खेळतोय, ना संपलोय. 

२५ जानेवारी

उणे एकतीस. परसातल्या रिंकवर पाण्याचा तिसरा थर दिला. काय सुरेख धरलाय बर्फ! आरसा. केल्सी आणि हुल्कोंची दोन पोरं अंधार पडेपर्यंत काठ्यांनी पकची रबरी चकती मारत होती. मी बूट घालून कडेला. फावडं हातात.

स्केट्सना हात लावायचा नाही, असं गॉर्डने पहिल्याच वर्षी बजावलंय. गावच्या रिंकवर नाही, तळ्यावर नाही, स्वतःच्या परसात नाही. "आज हातात फोन नाही असा एक माणूस दाखव मला! एक फोटो आला ना, की दुसरे क्लब बोंबलत लीगकडे जातील — हा तर ठणठणीत आहे म्हणून."

म्हणजे कॅनडात, सस्कॅचवानमध्ये राहायचं, सहा महिने बर्फात काढायचे आणि बर्फावर उतरायचं नाही! केल्सी डाव्या वळणावर पाय फार पसरते. हे तोंडाने सांगून कळत नाही. शेजारी घसरत जाऊन दाखवावं लागतं. ती चालायला लागली तेव्हाच ठरवलं होतं, मीच शिकवणार. आता वेन शिकवतो! वेन, ज्याला अजून उलटं स्केटिंग धड येत नाही!

२ फेब्रुवारी

कर्लिंग क्लबात कॉफी प्यायला गेलो, झक मारली. वेनने सगळ्यांसमोर सुरू केलं, "या, या, पगारी आजारी! काय रे, पाठीने बेजार म्हणतोस, नि फावड्याने बर्फ कसा उपसतोस? माझी पाठ दुखली तर मला कुणी डॉलर देत नाही."

सगळे हसले. मीही हसलो. आतून असा भडकलो होतो! घरी येताना म्हटलं, सांगायला हवं होतं — तीन वर्षांपूर्वी रिंकच्या कडेच्या फळीवर पाठीमागून आपटलो तेव्हा पायांची बोटं हलत नव्हती. दोन ऑपरेशनं झाली. मला बाथरूमला न्यायला नोरीन लागायची. पण काय सांगणार? आज तर बोटं हलतात. आज फावडंही चालतं. वेन नालायक आहे, पण त्याचा प्रश्न माझाच प्रश्न आहे.

मला नक्की झालंय तरी काय?

३ फेब्रुवारी

स्वीडनवाल्याने काल दोन गोल मारले. समालोचक म्हणे, एल पासोने काय हुशारीने जागा काढली! जागा म्हणजे मी.

८ फेब्रुवारी

नोरीनशी वाजलं. मी म्हटलं, एखाद्या बाहेरच्या डॉक्टरला दाखवून येतो, आपल्या आपण. तर एकदम चिडली. "कशाला? हॅमिल्टनच्या डॉक्टरांनी सांगितलं ते पुरे नाही का? तू चालतोस, झोपतोस, मुलीला शाळेत सोडतोस. अजून काय हवंय तुला?"

"खेळायला हवंय."

"छत्तिसाव्या वर्षी?"

ती कपडे वाळवायच्या यंत्रात कपडे कोंबत राहिली. केवढ्याने दार आपटलं त्याचं!

१७ फेब्रुवारी

काय करून बसलो! पण आधी लिहून टाकतो.

कुटुंब दिनाचा सामना. दर वर्षी पोरं विरुद्ध बाप. गावच्या रिंकवर सगळं गाव जमतं, बाप लोक मुद्दाम पडतात, पोरं जिंकतात, मग सॉसेज आणि गरम चॉकलेट. दोन वर्षं मी पंचाची शिट्टी घेऊन फळीबाहेर उभा राहतोय. आजही उभा होतो.

मध्यांतरात केल्सी फळीपाशी आली. हेल्मेट काढलं. केस घामाने चिकटलेले. म्हणाली, "सगळ्यांचे बाबा आहेत."

एवढंच. रडली नाही, हट्ट नाही. नुसतं सांगितलं आणि वळून गेली.

मग मला काय झालं कोण जाणे. वेनच्या भावाचे स्केट्स काढून घेतले, एक नंबर मोठे. दोन जोड मोजे कोंबले आणि उतरलो. पहिल्या पावलाला वाटलं, आता पाठीत कळ येणार. नाही आली. वळलो. नाही आली. उलटा गेलो, थांबलो, बर्फ उडवला, पोरं किंचाळली! वेनच्या काठीखालून पक काढून घेतला आणि तो गरकन फिरून बसलाच खाली. ओरडला, "अरे हरामखोरा, हा म्हणे जायबंदी!" पण तोही हसत होता.

केल्सीला डाव्या वळणावर घेऊन गेलो. हात धरून, दोनदा, तिसऱ्यांदा तिने एकटीने घेतलं. शेवटचा गोल तिचा. मी मुद्दाम पडलो नाही, खरंच चकवलं तिने मला!

नोरीन प्रेक्षकांत होती. मी हात केला. तिने केला नाही. तोंड पांढरंफटक. घरी येताना मी म्हटलं, अगं, बघ ना, काही दुखत नाही! तर म्हणाली, "बघितलं."

१८ फेब्रुवारी

झालं. कुणीतरी फोनवर टिपलंच. सकाळपर्यंत अर्ध्या कॅनडाने बघितलं. "एल पासोचा अपंग नाचतोय."

गॉर्ड इतका ओरडला की फोन टेबलावर ठेवून ऐकत होतो. "तीन वर्षांची माझी मेहनत पाण्यात! पोरांच्या सामन्यासाठी! निदान लंगडायचं तरी होतंस!"

म्हटलं, लंगडायला काही दुखत नव्हतं.

"तेच तर म्हणतोय मी!"

२० फेब्रुवारी

तीन क्लबांनी तक्रार केली. लीगचा हुकूम — लीगने नेमलेल्या डॉक्टरकडून सास्काटूनला तपासणी, सोमवारी. तिथे कुणाचं चालणार नाही.

मला वाटलं होतं भीती वाटेल. वाटत नाहीये. एकदाचं कुणीतरी सांगून टाका.

२४ फेब्रुवारी

सास्काटूनहून आत्ताच आलो. ट्रक अजून दारात गरम आहे. मी पण.

डॉ. फेर म्हणून बाई आहेत. पन्नाशीच्या, कमी बोलणाऱ्या. वाकवलं, वळवलं, पायाने ढकलायला लावलं, मग पाठीच्या स्कॅनची चित्रं काढली. पडद्यावर आजचं चित्र लावलं, शेजारी जुनी. म्हणाल्या, "पाठ उत्तम सांधली गेलीय. तुम्ही खेळू शकता. वयाचं मी काही सांगू शकत नाही, पाठीचं सांगते."

मी म्हटलं, "म्हणजे इतक्यात भरून आली?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग पडद्याकडे. "इतक्यात? हे दोन वर्षांपूर्वीचं आहे, ऑक्टोबरमधलं. हे आणि आजचं सारखंच आहे. तेव्हाच सहा महिने व्यायाम केला असतात तर पुढच्या हंगामात उतरला असतात. धोका होता, पण तो प्रत्येकालाच असतो. तुम्हाला कुणी सांगितलं नाही?"

दोन वर्षं! चौतीस वर्षांचा होतो मी! दोन पूर्ण हंगाम, च्यायला, दोन!

तो ऑक्टोबर मला चांगला आठवतो. भूल देऊन पाठीत सुया घातल्या होत्या. संध्याकाळी हॅमिल्टनचा डॉक्टर खाटेपाशी आला, खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाला, "प्रोकी, संपलं रे. मुलगी मोठी होताना बघ." त्याच आठवड्यात हॅमिल्टनने माझ्या पगाराच्या जागेवर नवा गोलकीपर आणला. मी मात्र त्या डॉक्टरचे आभार मानले होते. आभार! चित्रं बघायचं डोक्यातसुद्धा आलं नाही. डॉक्टर म्हणाला संपलं, तर संपलं. 

शंभर मैल स्टिअरिंगवर मुठी आपटत आलो.

२५ फेब्रुवारी

गॉर्डचं नवीन खूळ — एल पासोला दुसऱ्या एका डॉक्टरचं मत घ्यायचंय. "तो आपल्या बाजूचा आहे." मी म्हटलं, आपली बाजू म्हणजे कुठली रे?

नाहीतर काय करतील, तर मला त्यांच्या खालच्या संघात पाठवतील, वीस वर्षांच्या पोरांबरोबर बसमधून हिंडायला. धमकी म्हणून सांगतोय तो हे! बस चालेल मला. टपावर बसवा!

पण आधी हॅमिल्टन. सोडणार नाही. गुरुवारी सास्काटूनला वकिलाची वेळ घेतलीय. वकील फोनवर म्हणाला, डॉक्टर खोटं बोलला हे सिद्ध करायला साक्षीदार हवा. आहे की! नोरीन त्या दिवशी सबंध वेळ तिथेच होती. मी भुलीत होतो तेव्हाही.

रात्री भांडी घासताना तिला सांगितलं. म्हटलं, तू फक्त आठवून सांगायचं, तो डॉक्टर काय काय बोलला. त्याला कोर्टात उभा करतो. नागडा करतो.

ती एकच ताटली घासत राहिली. म्हटलं, येशील ना? तर म्हणाली, "बघू."

२६ फेब्रुवारी

नोरीन दिवसभर मला टाळत होती. दोनदा विचारलं, काय झालं. डोकं दुखतंय म्हणे. इथे माझं आयुष्य कुणी खाऊन टाकलं त्याचा हिशेब चाललाय आणि हिचं डोकं दुखतंय! ओरडलो तिच्यावर. केल्सी खोलीतून बाहेर आली, तेव्हा थांबलो.

२७ फेब्रुवारी

पहाटे नोरीनने उठवलं. माझ्या बाजूने पलंगावर बसली होती, अंगात कोट. म्हणाली, कोर्टात खोटं बोलणं मला जमणार नाही, म्हणून आत्ता सांगते. त्या दिवशी डॉक्टर आधी तिच्याकडे आला होता. म्हणाला, चांगली बातमी आहे, पुढच्या वर्षी खेळेल. तिने त्याचा हात धरला आणि सांगितलं, त्याला नाही म्हणा. तो लगेच कबूल झाला.

मी विचारलं, का? म्हणाली, "बाथरूमच्या फरशीवरून तुला उचलायला मी एकटीच होते, डॅरल. पुन्हा नसतं जमलं मला."

आठ वाजता वकिलाला फोन केला. म्हटलं, येत नाही.