मंगळवारचा जावई

तुळजापूर, बुधवार

तीर्थरूप ज्ञानोबा मामा यांना जावई शिवराजचा साष्टांग नमस्कार, आणि मामींना त्याहून थोडा जास्त, कारण रागही त्यांचाच जास्त असणार. तुमचा गुडघा कसा आहे? माझ्यामुळं मामींचा बीपी वाढला असेल तर तसं स्पष्ट कळवावं. परीला दात आला का, हे अक्षदालाच विचारलं असतं, पण ती आठ दिवस माझा फोन उचलत नाही. म्हणून कागद घेतला. पत्र फाडता येतं, पण फाडण्याआधी माणूस एकदा वाचतोच.

धोंड्याच्या महिन्यात तुम्ही दोनदा जेवायला बोलावलंत आणि मी आलो नाही. उलट इथं भलत्याच सासऱ्याच्या घरी पाटावर बसून धोंडे खातानाचा माझा फोटो तुमच्या परंड्यापर्यंत पोचला. फोटो खरा आहे, सासरा खोटा आहे. कसं घडलं ते सांगतो, मध्येच चष्मा काढून ठेवू नका.

गेल्या जूनमध्ये इथल्या शाळेत बदली झाली, तेव्हा वाटलं, शिक्षकाला खोली कोण नाही म्हणणार. पण या गावात खोली महिन्यानं मिळत नाही, दिवसानं मिळते. दर तिसऱ्या दारावर 'रूम मिळेल' अशी पाटी, आणि आपण 'महिन्यानं पाहिजे' म्हटलं की मालकाचा चेहरा पडतो. (त्यांचं तरी काय चुकलं? मोबाईलवर खोलीचा फोटो टाकला की पार हैदराबादपासूनचे भाविक येतात, आणि छत गळतंय अशी तक्रार करायच्या आत निघूनही जातात.) शेवटी हणमंतप्पांनी माडीवरची खोली दिली, ती एका अटीवर. मंगळवारी, शुक्रवारी आणि पौर्णिमेला, म्हणजे देवीच्या गर्दीच्या दिवशी, खोली रिकामी करायची. "तुमचं काय मास्तर, एकटा जीव," म्हणाले. अक्षदाला दिवस गेलेले, ती तुमच्याकडंच होती, त्यामुळं मी खरोखरच एकटा होतो.

तेव्हापासून दर मंगळवारी मी वळकटी बांधून जिन्याखाली ठेवतो आणि शाळेच्या व्हरांड्यात मुक्काम करतो. बुधवारी परत यावं तर खोलीत कुणाचं काहीबाही राहिलेलं असतं. नारळाची शेंडी, केसांची पिन, एकदा तान्ह्या बाळाचा एकच मोजा. मामा, हसू नका, पण दुपारी त्या उशीवर डोकं टेकलं की मला माझी स्वप्नं पडेनाशी झाली. एका बुधवारी मी स्वप्नात तेलुगू बोलत होतो. एकदा मला सहा बहिणी होत्या, सगळ्या एकाच जीपमधून आल्या होत्या आणि मला ओवाळायला ताट शोधत होत्या. जाग आली तेव्हा वाईट वाटलं. पुढं पुढं मी डोळे उघडे ठेवूनही स्वप्नं बघू लागलो. छताच्या कडीला पाळणा, खाली अक्षदा, खिडकीत परीची लंगोटी. आख्खा मंगळवार ती लंगोटी तिथं वाळतेय आणि कुणी ती काढायला सांगत नाही, एवढंच माझं स्वप्न. फार मोठं नाही.

उन्हाळ्याच्या सुट्टीत परंड्याला यायचं म्हणून बॅग भरली होती. तेवढ्यात पालिकेचा नवा नियम आला. दिवसानं खोल्या देणाऱ्या घरांनी नोंदणी करायची, आणि निदान एक खोली गावात नोकरीला आलेल्या माणसाला महिन्यानं द्यायची. पाव्हण्यारावळ्यांना मात्र नियम लागू नाही. आता ही घरं मोजायची कुणी? मास्तरांनी. (माणसं, जनावरं आणि संडास आमचे आधीच मोजून झालेत.)

नियमातली ही फट गावाला एका दिवसात सापडली. ज्या दारात जावं तिथं आत बसलेला प्रत्येक जण नातलग. एका घरात बावीस मावसभाऊ निघाले, सगळे कन्नड बोलणारे, आणि घरमालकाला कन्नडचा एक शब्द येत नव्हता. "ल्हानपनी ताटातूट झालीय," म्हणाला. मी तसं लिहून घेतलं. दिवसभर उन्हात असं लिहिता लिहिता मला खरंच वाटायला लागलं, की आख्खं गाव एक लग्नघर आहे, सगळे एकमेकांचे कुणी ना कुणी आहेत आणि मीच तेवढा परका फॉर्म घेऊन फिरतोय.

स्वतः राहतो त्या घराचा फॉर्म स्वतः भरायचा नाही, म्हणून आमच्याकडं दुसऱ्या शाळेच्या दीपाली मॅडम आल्या. माडीवर कोण राहतं, असं त्यांनी विचारलं. मी जिन्यातच उभा होतो. माझ्याकडं न बघता हणमंतप्पा म्हणाले, "जावई हायत आमचे." भाडेकरू आहे, एवढं बोललो असतो तर नियमानं खोली माझी झाली असती. पण त्याआधी वळकटी रस्त्यावर येईल, या भीतीनं माझी जीभच उचलली नाही. मी मान हलवली. होय म्हणून हलवली की नाही म्हणून, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. मॅडमनी मात्र 'जावई' लिहिलं.

हे हणमंतप्पांच्या मंडळींनी, सिताबाईंनी, आतून ऐकलं. त्यांना लेक नाही, दोन मुलगे पुण्यात. धोंड्याच्या महिन्यात घरात जावई निघाला आणि तो उपाशी, हे त्या माउलीला सोसवेना. अगं, ते कागदापुरतं, असं हणमंतप्पांनी समजावलं. "मग आता कागदावरच वाढू का त्याला?" म्हणाल्या, आणि पुरण शिजत घातलं. धोंडे, तूप, टॉवेल-टोपी, सगळं रीतसर झालं. फोटो शेजाऱ्यांनी काढला. दुसऱ्या दिवशी मंगळवार. मी सवयीनं वळकटी बांधली, तर बाई जिन्यात आडव्या. "धोंड्याच्या म्हैन्यात जावायाला भाईर काढू व्हय?" खाली भाविक सामान घेऊन उभे होते, त्यांना हणमंतप्पा मुकाट्यानं शेजारच्या घरी पोचवून आले. त्या दुपारी मी माझ्या खोलीत झोपलो. मंगळवारी, वर्षात पहिल्यांदा. स्वप्न एकही पडलं नाही, इतका गाढ झोपलो. उठल्यावर रडलो, हे मामींना सांगू नका.

तेव्हा मामा, मी दुसरं घर केलेलं नाही. माझं पहिलंच अजून व्हायचंय. एवढं अक्षदाला वाचून दाखवावं.

आपला,
एकाच सासऱ्याचा जावई,
शिवराज

ता.क. : मुख्य गोष्ट राहिली. सोमवारी फेरतपासणी आहे. जावई म्हटल्यावर लेक दाखवावी लागणार. तेव्हा अक्षदाला आणि परीला घेऊन तुम्ही स्वतः यावं, आणि कुणी विचारलं तर हणमंतप्पा आपले चुलतभाऊ आहेत एवढंच म्हणावं, म्हणजे अक्षदा त्यांचीही लेक ठरते. तुम्ही तीस वर्षं एसटीत कंडक्टर होता, आणि अर्ध्या तिकिटासाठी पोरगं कितीही गुडघे वाकवून उभं राहिलं तरी त्याचं वय ओळखायचा, हे मला माहीत आहे. तरी विचारून बघतो.

ता.क. २ : वरचा ता.क. रद्द समजावा. सिताबाई चहा घेऊन आल्या, कुणाला लिहिताय म्हणाल्या, आणि मला खोटं बोलता आलं नाही. परंड्याचं सगळं सांगितलं. त्यांनी कप माझ्यापुढं सरकवला. मग म्हणाल्या, "मामाला खोटं बोलाया कशाला लावता? फॉर्मात भाडेकरू लिवा. अन् लेकीला घिऊन या. मंगळवारी बी खोली तिचीच."

ता.क. ३ : हणमंतप्पांना यातलं काहीच माहीत नाही. ते पुण्याला मुलांकडं गेलेत, रविवारी परत येतील. तुम्ही शनिवारीच या. वर बाळ झोपलंय म्हटल्यावर ते आवाज चढवणार नाहीत, असं सिताबाईंचं मत आहे.