सायकलीत आता काई खराबी नाई

माय, हे आयकून तू पहिले तोंडाले पदर लावून हसशील. तुही पोट्टी, आता स्वतःच सासू झालेली, नवरा मेल्यावर सायकल चालवून राह्यली. घाटंजीच्या शाळेत पीटी शिकवणाऱ्या एक मॅडम हायेत. त्या दर इतवारी आसपासच्या गावातल्या बायाइले जमा करतात अन् सायकलीवर लांब लांब नेतात. मी गेलती ते निरी गंमत पाहाले. सून म्हणे, "आत्याबाई, लोक काय म्हणतीन?" मी म्हटलं, "लोक रिकामेच बसले हायेत वं, त्याइले थोडं काम लावून येते." सायकल तुह्या नातीची, तिले शाळेतून भेटलेली. ती नांदाले गेली अन् सायकल अठीच राह्यली. लय दिवस आम्ही दोघी भिताडाले टेकून उभ्या होतो, मी अन् सायकल. नवरा गेल्यापासून मले कोठी जायचं म्हटलं की पोरगा गाडीवर मागे बसवते अन् नेऊन उतरवते, सरकीच्या पोत्यासारखं. सायकलीवर कसं, मीच मले नेते. दिवाळी झाली की आमच्या सगळ्या बाया सायकलीनं यवतमाळले जाणार हायेत, घाट चढून. माय, मले दुसरं काईच नको होतं. तो घाट माह्या पायानं चढायचा होता.

पण गावाबाहेरचा साधा चढ लागला की मले दम लागे. दम म्हणजे कसा, छातीत कोणी बारीक शिट्टी वाजवून राह्यलं असा. मी खाली उतरो अन् सायकलीले शिव्या देओ. मॅडम म्हणत, "काकू, काय झालं?" मी म्हणो, "पायडल जाम हाय मॅडम, मी नाई." मिस्त्र्याकडे नेली, त्यानं छर्रे बदलले, ग्रीस भरलं. पुढच्या इतवारी तोच चढ, तीच शिट्टी. मग मी म्हटलं चेन खराब हाय. चेन बदलली. मग टायरात हवा टिकत नाई म्हटलं, बाभळीचे काटेच लय हायेत आपल्या रस्त्यानं. ट्यूबबी नवी आली. मग मागचा ब्रेक रिमले घासते म्हटलं, तो त खरंच घासत होता, मले केवढा आनंद झालता! मिस्त्र्यानं ब्रेक मोकळा केला, चाक उचलून फिरवून दाखवलं. ते फिरतच राह्यलं, काई आवाज नाई, काई नाई. मिस्त्री हसून म्हणे, "काकू, आता या सायकलीत फक्त बसणारी बदलाची राह्यली." मीबी हसली. म्हटलं, "मंग बदलून दे ना बापा, जुनीचे काय देतं?" घरी येईपर्यंत हसली मी. घरी येऊन चुलीपाशी बसली, अन् तू आठवली.

आपलं ते सयपाकघर, खालून शेणानं सारवलेलं, वरून धुरानं काळंकुट्ट. तू जीनमधून, कापूस पिंजायच्या कारखान्यातून येतं, केसात रुई, भुवयाइवर रुई, अन् मी म्हणते, "माय, म्हातारी झाली वं तू." तू चिमटा काढतं. चुलीपुढे बसून तू फुंकणी तोंडाले लावतं, एक फुंक, दोन फुंका, अन् मंग छाती धरून मांगे सरकतं. म्हणतं, "लाकडं ओली हायेत." फुंकणी माह्या हाती देतं. "तू फुंक, तुही फुंक रेड्यासारखी हाय." तुह्याजवळून मले भेटलेली ती एकच वस्तू, लोखंडाची फुंकणी, अजूनबी हाय. हापशी मारताना दम लागला त तू म्हणे हापशी जड हाय. पाण्याचा गुंड उचलताना लागला त म्हणे गुंड मोठा हाय. मी हुशार पोट्टी! एक दिवस मी पऱ्हाटी आणली, कपाशीच्या वाळल्या काड्या, उन्हाळाभर छपराखाली ठेवलेली, हातात घेतली की कडकन मोडे. तुह्यापुढे टाकली अन् म्हटलं, "घे, आता सांग ओली हाय म्हणून." तू मले असं झापलं, असं झापलं! "लाकडं मी पाहून राह्यली का तू?" मले समजलंच नाई का मी काय वाईट केलं. दुसऱ्या दिवशी शाळेतून लवकर आली, त पाह्यलं, तू तांब्यातलं पाणी घेऊन त्या पऱ्हाटीवर शिंपडून राह्यली. मी दारातच उभी. मले वाटलं, माह्या मायचं डोस्कं फिरलं. कोणाले सांगतलं नाई. त्या हिवाळ्यात तू गेली.

मागच्या इतवारी मॅडमनं सगळ्याइची तपासणी ठेवली. घाट चढायचा त पहिले दम पाहाचा म्हणे. छातीले एक पट्टा बांधते, तो धडधड मोजते, अन् चढावर सायकल चालवाची, होईन तेवढ्या जोरानं. मी माह्याच सायकलीवर बसून राह्यलती. मॅडम म्हणे, "काकू, तुम्ही माही सायकल घ्या, म्हणजे तुमची तक्रार नको." काय सायकल ती माय, एका हातानं उचलते, पायडलवर पाय ठेवला की पळाले पाहते. चढाच्या अर्ध्यातच शिट्टी वाजली. मी म्हटलं, "पट्टा लय आवळला." पट्टा ढिला केला. फिरून चढली, फिरून तेच. मंग मॅडमनं एक आखूड नळी काढली, तिच्यावर पट्टी, फुंकलं की काटा वर सरकते. मले हसूच आलं. म्हटलं, "मॅडम, याच्यात त मी पहिला नंबर, माही फुंक रेड्यासारखी हाय." पुरा जीव लावून फुंकली. काटा जरासा हालला अन् बसला. मी म्हटलं, "नळीले भोक हाय." तर तांड्यावरची बाई होती आमच्यात, माह्यापेक्षा मोठी, तिले सगळ्या याडी म्हणतात, तांड्याच्या बोलीत माय. तिनं नळी घेतली, तंबाखू थुंकली, अन् फुंकली. काटा असा वर गेला का बाया वरडल्या. याडी माह्याकडे पाहून म्हणे, "भोक बुजलं वाटते वं बाई." सगळ्या हसल्या, मी सगळ्यात मोठ्यानं. मॅडम नाई हसली. बाजूले नेऊन हळूच इचारलं, "काकू, तुम्ही जीनमध्ये, रुईच्या धुळीत कामाले होत्या का?" मी म्हटलं, "होती ना. माह्या मायच्या जाग्यावर." मॅडमनं माह्या छातीचा पट्टा सोडून घेतला. एवढंच म्हणे का छातीच्या डॉक्टरले दाखवा, अन् तोपर्यंत चढावर जायचं नाई.

उद्या पोरगा मले यवतमाळच्या दवाखान्यात नेऊन राह्यला. म्हणजे पाह्य माय, मी यवतमाळले चालली, घाटबी चढणार, पण मांगे बसून, पोत्यासारखी. सून दोन दिवसापासून मले मोठ्या आवाजात बोलत नाई, भाजीत मीठ जास्त झालं तरी मले बोल लावत नाई, तवाच मले समजलं का काईतरी मोठं हाय. मले भेव लागते माय. डॉक्टर काय सांगन ते मले माहीत हाय, कारण मी ते आपल्या चुलीपुढे पाह्यलं हाय. तुले मी सुकी लाकडं आणून देल्ली होती, आता हे सगळे मले चांगली सायकल देऊन राह्यले. सगळे चांगलेच लोक हायेत.

हा कागद कोठी टाकू? पोस्टमन आपल्याच गावचा, पत्ता वाचन त आधी मलेच दवाखान्यात नेईन. सायकलीच्या सीटखाली पंक्चरच्या सामानाची पिशवी हाय, तिच्यातच घालते. एक सांगून टाकते, तुलेच सांगते. आज दुपारी सगळे वावरात गेले त मी पाना घेतला अन् मागचा ब्रेक आवळला, चाक घासन एवढा. मंग चढापर्यंत गेली. दम लागला, उतरली, अन् रस्त्यावर कोणीच नव्हतं तरी चाकाकडे पाहून मोठ्यानं म्हटलं, "हा मेला ब्रेक, जाऊच देत नाई."