बिनधुराची चूल

माय, तुला लिहीन लिहीन म्हणत मी किती पावसाळे घालवले ते आता मलाच सांगता येत नाही. कधी गाडीवर होतो म्हणून, कधी पेन नव्हता म्हणून, आणि कधी नुसताच बसून होतो तरी नाही लिहिलं. एकदा नागपूर रस्त्यावरच्या जाम गावच्या चौकात चहाच्या टपरीवर कागद पुढ्यात घेऊन बसलो होतो, तेवढ्यात संत्र्याची गाडी उलटली आणि सगळ्यांसोबत मीही संत्री वेचायला धावलो. कागद कुठं गेला कोण जाणे. तुझं पोट्टं असंच आहे, तुला काही नवीन नाही. आज मात्र बसलो त्याला कारण आहे. मी तुझ्या सयपाकघरात आहे. समोर तुझी चूल आहे आणि भिंतीला लोखंडी सबल टेकवून ठेवली आहे. दादा आणि वहिनी बैलबंडी घेऊन नवे बांबू आणायला गेले आहेत. ते यायच्या आत मला ही चूल मोडून ठेवायची आहे.

दादानं एका ड्रायव्हरजवळ निरोप पाठवला होता. "मायची चूल काढाची हाय. तू येजो. माह्या हातानं नाई होत." हा दादा साप मारतो, मेलेलं वासरू एकट्यानं नाल्यापर्यंत ओढून नेतो, आणि मातीच्या दोन तोंडांच्या चुलीपुढं त्याचा हात उचलत नाही. सकाळी मी वहिनीला म्हटलं, राहू द्या ना, काय बिघडते? तर तिनं मला हाताला धरून आत आणलं आणि वर बोट दाखवलं. "भाऊजी, तुमी पावन्यावानी येता न् जाता. मले रोज वरणातून भुसा काढा लागते. हे पाहा." वर कवेलूंखालचे बांबू पार पोखरलेले. बोट लावलं तर पिठासारखा भुसा भुरभुरला, माझ्या डोळ्यात गेला. "घराले धूर लागते भाऊजी. धूर नाई तर किडा. मामीजीले, तुमच्या मायले, मी कधी बोलली नाई, पण आता छत आंगावर येऊन राह्यलं." खोटं तर ती बोलत नव्हती.

तुला तो शाळेतला दिवस आठवतो का? आणीबाणी उठून थोडी वर्षं झाली होती. वर्ध्याहून एक तरुण सर आले होते आणि त्यांच्यासोबत चुली बांधणारी एक बाई. सरांनी सांगितलं की साऱ्या जगाचा धूर वर जातो, त्यातलं काहीबाही वरच राहून जाते, गोधडी पांघरल्यासारखं, आणि जमीन आतल्या आत तापत जाते. पुढं पावसाचाही नेम राहणार नाही. केवढा गलका झाला होता! पोलीस पाटील म्हणाले, "आभाळ देवाचं हाय सर, त्याले घाम नाई फुटत." सगळे हसले. कोणीतरी मागून ओरडलं, "मंग पयले आगगाडी बंद करा ना!" आपले म्हातारे गुरुजी उठले, म्हणाले, धुराचं मला माहीत नाही, पण टेकडीवरचं सागवान तोडलं तेव्हापासून पाणी कमी झालं, ते माणसानंच केलं ना? मग त्यावर भांडण. सागवान कोणी तोडलं, कोणाच्या घराला त्याच्या चौकटी लागल्या, इथपर्यंत गेलं. धूर राहिला बाजूला. त्या गलक्यात तू बायांमधून उठलीस आणि विचारलंस, "सर, आमच्या चुलीचा धूर बी जाते का वर?" सर थोडे अडखळले. म्हणाले, "जातो बाई. पण तुमचा थोडासाच."

त्या थोडासाच्या मागं तू लागलीस. घरी येईपर्यंत एकच. "थोडासा म्हंजे हाय ना? आपला हाय ना?" मी तेव्हा सतरा-अठराचा, शाळा सोडून नागपूर पाहून आलेला, मला जगातलं सगळं कळत होतं. वीजघराचं धुराडं पाहिलं होतं मी, मान मागं टाकावी लागत होती. मी म्हटलं, "माय, तुया चुलीनं काय होते? तिकडं डोंगराएवढा धूर निंगून राह्यला." तू भाकर थापत होतीस. "दुसऱ्याच्या दारी घाण हाय म्हून आपण आंगण झाडत नाई का?" मी म्हटलं, "आंगण आपलं असते. आभाळ कोणाचं हाय?" तू भाकर तव्यावर टाकलीस, तिच्यावर पाणी फिरवलंस. मग म्हणालीस, "कोणाचंच नाई म्हून तं अशी गत हाय त्याची." हे लिहिताना मी आत्ता हसतो आहे. तेव्हाही हसलो होतो, पण वेगळं.

त्या बाईनं तुला चूल बांधायला शिकवलं. माती, शेण, गव्हाचा भुसा, पायानं तुडवून तुडवून लोण्यासारखं केलेलं. दोन तोंडं, मागं नळा, नळा कवेलूंतून बाहेर. पहिल्या दिवशी कपाशीच्या पऱ्हाट्या पेटवल्या आणि घरात धूरच नाही. तू उगाचच डोळे पुसत होतीस, सवयीनं. मग पदर खोचून साऱ्या गल्लीत फिरलीस. बायांना काय काय सांगितलंस! डोळ्यांचं सांगितलंस, खोकल्याचं सांगितलंस, अर्धंच जळतन लागते ते सांगितलंस आणि शेवटी आभाळाचं सांगितलंस. आभाळाचं कोणी ऐकलं नाही, पण खोकल्याचं ऐकलं. तीन-चार महिन्यांत आपल्या गल्लीत जवळपास सगळ्या घरांवर नळे दिसायला लागले. तू अंगणात उभी राहून ते पाहायचीस. मी थट्टा करायचो, "गिरणी मालकीण झाली माय, धुराडे मोजून राह्यली."

आणि चूक झाली ती तिथंच. ती कोणाच्याच ध्यानात आली नाही, ना बाईच्या, ना सरांच्या, ना तुझ्या. आपल्याकडं बी-बियाणं चुलीवरच टांगतात. जवारीची निवडक कणसं, वालाच्या शेंगा, दोडके, लवकीचं बी, सगळं धुरात काळं होऊन बसलेलं. ते तिथं का टांगतात हे कोणी कोणाला सांगितलेलं नव्हतं. सासूनं टांगलं म्हणून सुनेनं टांगलं. धूर गेला आणि कणसं तिथंच राहिली. पुढच्या पेरणीला उतरवली तर हातात टरफलं. घराघरांत तेच. समोरची काकू सूप घेऊन आपल्या दारात आली आणि ते तुझ्या पायाशी उपडं केलं. "घे, पाह्य तुयं आभाळ! माह्या सासूच्या सासूपासून चालत आलेला वाल होता. किड्यानं खाल्ला. आता आभाळातून वाल पडन का बाई?" तू वाकून ती टरफलं गोळा करत होतीस. बोललीस एवढंच, "राखेत ठेवाले पाह्यजे होतं बाई. मले सुचलं नाई." पुढं तू बी राखेत ठेवायला लागलीस, कडूनिंबाचा पाला घालून. पण ती जुनी बियाणी गेली ती गेली. त्यानंतर एकेक नळा खाली आला. शेवटी आपलाच राहिला, आणि गल्लीतल्या बाया तुला पाहिलं की खोटं खोटं खोकायच्या.

मी तोवर कोळशाच्या ट्रकवर क्लीनर लागलो होतो. वणीकडून भरायचा, जामवरून नागपूरकडं. एकदा दुपारी गाडी सडकेवर सोडून तसाच काळा घरी आलो. तू म्हणालीस, आधी आंग धू, मग चुलीजवळ बस. जेवताना विचारलंस, "एका गाडीत किती चुली असतीन रे?" मी म्हटलं, "माय, ह्या साऱ्या गल्लीनं जन्मभर चुली जाळल्या तरी आमच्या थोड्याशा खेपा नाई भरत." मला वाटलं तू हिरमुसशील. तू मला आणखी वरण वाढलंस आणि म्हणालीस, "मंग तू एक खेप कमी मार." मी म्हटलं, मी नाही मारली तर दुसरा मारेल. तू म्हणालीस, "हो, मारन." बस, एवढंच. हो, मारन. तू भांडली असतीस तर बरं झालं असतं, मला उत्तरं पाठ होती.

दोन हिवाळे गेले आणि तू गेलीस. छातीनंच गेलीस. डॉक्टर म्हणाले आधीच्या धुराचं आहे, खूप जुनं. नवी चूल उशिरा आली.

मागच्या महिन्यात जामला टपरीवर रेडिओ लागला होता. बातम्यांत सांगत होते की माणसाच्या धुरानं पृथ्वी तापत चालली, परदेशातले शास्त्रज्ञ म्हणून राहिले. अगदी त्या सरांचंच. मी आमच्या गाडीच्या ड्रायव्हरला, उस्तादला, म्हटलं, माझी माय हे कधीपासून सांगत होती. उस्ताद बशीत चहा ओतत म्हणाला, "अबे, हमारे डिझल से आसमान गरम होगा? सूरज काय के वास्ते है फिर?" बाजूला एक कॉलेजचा मुलगा होता, तो तावातावानं म्हणाला, हे सगळं मोठ्या देशांचं नाटक आहे, त्यांनी शंभर वर्षं जाळलं, आता आपल्याला म्हणतात तुम्ही जाळू नका. टपरीवाला म्हणाला, "नाटक असो का खरं असो, ऊन तं वाढलंच ना भाऊ." थोडा वेळ तिघांचं जुंपलं. मग चहा संपला, आणि आम्ही गाडी काढली, भरलेली. मला वाटलं होतं, कधीतरी तू खरी ठरशील तेव्हा मला आनंद होईल. काही झालं नाही, माय. मागं कोळसा होता, पुढं सडक होती, आणि आमच्यासारख्याच गाड्यांची रांग होती. तू बरोबर होतीस आणि त्यानं काहीच फरक पडला नाही.

आता सांग, ही चूल ठेवून मी काय करू? छत पडेल. वहिनीनं इतकी वर्षं शेणामातीचा पोतारा देऊन सांभाळली, तेच पुष्कळ. ती मोडली तर आभाळाला कळणार नाही आणि ठेवली तरी कळणार नाही. थांब, बंडीचा आवाज यायच्या आत उरकतो. मग लिहितो.

मोडली.

वाटलं होतं त्यापेक्षा लवकर मोडली. दोन घावांत पुढचं तोंड गेलं, नळा तर हातानंच निघाला. आत काजळी होती, मऊ, आणि मातीत अजून गव्हाचा भुसा दिसत होता, तुझ्या पायानं तुडवलेला. मी तो ढीग अंगणात नेऊन टाकला. मला रडू येईल म्हणून दार लावून घेतलं होतं, पण आलं नाही. हात धुतले आणि हे लिहायला बसलो. एक कबूल करतो. उद्या मी परत गाडीवर जातो आहे. एकही खेप मी कधी कमी मारली नाही, आणि उद्याचीही मारीन. हा कागद कुठं टाकायचा तेही मला माहीत नाही. तुझ्याकडं टपाल जात नाही आणि दादाला दाखवायची हिंमत नाही.

कोणीतरी दार वाजवते आहे. दादा असेल.

दादा नाही. एक म्हातारी आहे, टेकडीकडच्या टोलीवरून, तिथल्या चार झोपड्यांच्या वस्तीवरून, चालत आलेली, पायात वहाणा नाहीत. सोबत तिची सून, डोळे लाल, कडेवर खोकणारं लेकरू. मी तिला कधी पाहिलेलं नाही. उंबऱ्याबाहेर उभी राहून विचारते आहे, "बिनधुराची चूल बांधते ते बाई इथंच राह्यते ना भाऊ? बाजारात सांगतलं कोणं तरी. हाय का घरी?" मी म्हटलं, बसा. पाणी दिलं. सून अंगणातल्या मातीच्या ढिगाकडं पाहते आहे, तिला ते काय आहे ते कळलेलं नाही. म्हातारी आता पदरानं घाम पुसून म्हणते आहे, "बाई कामात असन तं तूच दाखव बाप्पा, कशी बांधतेत ते." माय, मला ती बांधता येत नाही.