नसतानाही लागणारा ब्रेक

२ जून
संकल्प: डिसेंबरच्या परिषदेत स्टेजवर मी. आमच्या क्योतोच्या लॅबला एकच भाषण मिळतं. कुणाचं नाव पाठवायचं ते लॅबप्रमुख करगोतानी सेन्सेई ३० जूनला ठरवणार. उमेदवार दोन. एक मी. दुसरी मिनामोरी-सान, तीन वर्षं सीनियर, पण दिवसाला चार वाक्यं बोलते. म्हणजे उमेदवार एकच.
विषय सोपा आहे. टी-सेलला, म्हणजे रोगाशी लढणाऱ्या पेशीला, अ‍ॅक्सिलरेटर असतो तसे ब्रेकही असतात. शेजारची पेशी हळूच खूण करते, बास आता. टी-सेलवरचा रिसेप्टर ती खूण ओळखतो आणि टी-सेल थांबते. तो रिसेप्टर नसेल तर ती आपलंच घर कुरतडत बसते. साधी खूण कळू नये? किती बथ्थड पेशी. कीव येते.

५ जून
सापडला!! एका बिननावाच्या रिसेप्टरला चिकटणारी अँटीबॉडी टाकली आणि टी-सेल जागच्या जागी गार. वाढ शून्य. जास्त टाकली, जास्त गार. शेजारी तुलनेसाठी दुसऱ्या कंपनीची कंट्रोल अँटीबॉडी, तिथे पेशींची जत्रा. म्हणजे नवा ब्रेक! नाव ठेवलं हाची-१. (माझं आडनाव हाचिया. योगायोग.)

७ जून
लॅब मीटिंग. वेळ दहा मिनिटं होती, पन्नास घेतली. सेन्सेई म्हणाले, हाचिया-कुन, काय दम आहे रे आवाजात, पलीकडच्या लॅबचंही शिक्षण होतंय.
पुढच्या वेळी दार उघडं ठेवणार.

८ जून, पहाटे ५
मिनामोरी-सान काल म्हणाली, रोज सकाळी सहालाच सेंट्रिफ्यूजची घरघर सुरू करतोस, केवढा उत्साह, वरच्या मजल्यावरचे लोकसुद्धा तुझं नाव काढत होते. म्हणून आजपासून पाचला.

११ जून
ज्या उंदरांत हा रिसेप्टरच नाही, त्यांच्या टी-सेल घेतल्या. त्याही गार! तासभर जरा अस्वस्थ. मग लक्षात आलं. हाची-१ इतका पॉवरफुल आहे की तो नसतानाही ब्रेक लागतो. असं जगात कुणी पाहिलं नसेल.

१३ जून
गावाकडून, कुशिरोहून, आईचा फोन. सुके मासे पाठवलेत. (पोचले. लॅबच्या ड्रॉवरमध्ये ठेवलेत.) म्हणाली, बाळा, क्योतोची माणसं सरळ बोलत नाहीत रे. तुझ्या मावशीच्या सासूने सहा महिने तिच्या सूपचं कौतुक केलं, सातव्या महिन्यात कळलं मीठ जास्त पडतंय. कौतुक झालं की घाबरायचं.
माझं कौतुक मनापासूनच असतं, तो प्रश्न नाही. तरी यापुढे प्रत्येक वाक्याचा आतला अर्थ काढायचा.

१४ जून
माझी अँटीबॉडी चुकून मिनामोरी-सानच्या पेशींवर पडली. त्याही गार. तिने विचारलं, बाटलीतून तशीच ओततोस? रात्रभर धू आधी, नाहीतर सगळं मरतं.
बाप रे. आई बरोबर होती. सुक्या माशांचा वास! किती सभ्यपणे सुचवलं. संध्याकाळी नदीजवळच्या सार्वजनिक स्नानघरात जाऊन दीड तास बसलो.

१७ जून
तिने परत विचारलं, धुतलीस का? म्हटलं, दोनदा, साबण लावून. ती म्हणाली, साबण? आणि बराच वेळ माझ्याकडे बघत राहिली. प्रभाव पडतोय.

२० जून
अ‍ॅब्स्ट्रॅक्ट तयार. सारांशाच्या शेवटच्या ओळीत अ‍ॅलर्जी, संधिवात आणि मधुमेह बरा केला. आरशासमोर वाकून आभार मानायची प्रॅक्टिस. सूट की किमोनो, ठरत नाही.

२४ जून
रिहर्सल. दार उघडं ठेवलं होतं. सेन्सेई मध्येच म्हणाले, अझाइड काढलंस ना?
म्हटलं, रोज आंघोळ करतो.
मग मिनामोरी-सानने एकेक शब्द सुटा करून सांगितलं. अँटीबॉडी टिकावी, बुरशी येऊ नये म्हणून बाटलीत सोडियम अझाइड घालतात. पेशींना ते विष. धुऊन काढावं लागतं. माझ्या कंट्रोलवाली कंपनी ते घालत नाही.
हे तिने आधी सरळ का नाही सांगितलं? क्योतोची माणसं!

२७ जून
अँटीबॉडी रात्रभर धुतली. टी-सेल मजेत वाढतायत, जत्राच. नुसतं अझाइड टाकलं: गार. सेन्सेई म्हणाले, ब्रेक लावलेली गाडी आणि जळालेली गाडी, दोन्ही उभ्याच दिसतात रे, हात लावून बघायचं असतं.
ग्राफ मात्र सुंदर होता.

३० जून
सेन्सेईंनी केबिनमध्ये बोलावलं. म्हणाले, ये, बस, चहा घेणार?
मी आता शहाणा झालोय. क्योतोत चहा विचारला म्हणजे निघ. तीनदा वाकलो, नको नको, माझी तेवढी लायकी नाही म्हटलं, आणि मिनिटाच्या आत बाहेर.
कॉरिडॉरमध्ये मिनामोरी-सान, हातात तिच्या घरच्या दुकानातला मिनाझुकीचा डबा. सरलेल्या अर्ध्या वर्षाची पीडा जावी म्हणून आज सगळे हाच गोड तुकडा खातात. म्हणाली, हे काय, झालंसुद्धा? माझ्या भाषणातली पाच मिनिटं तुला द्यायचं ठरलं होतं. अझाइडवर. ही चूक सगळेच करतात आणि कुणी कबूल करत नाही, तू मोठ्याने बोलशील म्हणून मीच सुचवलं.
धावत परत गेलो. सेन्सेई कॉम्प्युटर बंद करत होते. म्हणाले, तिचं एकटीचंच नाव पाठवलं. बोलायची इच्छा नाही हे किती नाजूकपणे सांगितलंस रे. अगदी क्योतोचा झालास.
चहा खरंच दोन कप होता. गार.
मिनाझुकीचे दोन तुकडे खाल्ले. मिनामोरी-सान डब्याकडे बघत म्हणाली, हाचिया-कुन, तुझी भूक म्हणजे बघत राहावं अशी आहे.
तिसरा उचलला.