न थांबणारा चार्जर

१२ जानेवारी १९९२, रविवार
स्वतःच्या हातांनी केलेलं आजवर: एक कूलर, दारावरची घंटा, हिच्या शिलाई मशीनची मोटर, दोन स्टॅबिलायझर (एक मेव्हण्याकडे, त्याची तक्रार नाही, पत्रही नाही), आणि मिलमधल्या निम्म्या मोटरींचं रिवाइंडिंग. डिप्लोमा नाही. कुणी विचारलाही नाही.
मिल बंद पडली. सुरू होईल असं आता चहावालासुद्धा म्हणत नाही. ठरलं: घराच्या पुढच्या खोलीत बॅटरी चार्जिंगचं दुकान. मल्हारगंजात टेम्पोंची कमी नाही. फक्त एक टिकाऊ चार्जर निवडायचा. आठवड्याभराचं काम.

२० जानेवारी
महाराणी रोड, विजेच्या सामानाचं दुकान. शेठने चार्जर दाखवला. उघडायला लावला, चश्मा पुसून आत पाहिलं. आतल्या तारेचं वायंडिंग ॲल्युमिनियमचं, तांब्याचं नाही. शेठ म्हणाला, शंकररावजी, सब येई ले जा रिये हैं. म्हटलं, म्हणूनच सब परत येतील. नापास.

५ फेब्रुवारी
त्याच शेठकडे आणखी दोन पाहिले. एकाचा पत्रा बोटाने दबतो. दुसऱ्यात ऑटो कटऑफ, म्हणजे बॅटरी भरली की चार्जर आपोआप बंद. बंद पडायची सोय कारखान्यातूनच करून देतात! मी जन्म मिलमध्ये काढला. चालत राहते ती मशीन चांगली, थांबते ती खराब. नापास.
माझं बोलणं देपालपुरचा एक ट्रॅक्टरवाला ऐकत होता. हातातला ॲल्युमिनियमवाला परत ठेवून महागातला कटऑफवाला घेऊन गेला. अर्धंच ऐकलं असावं. शेठने मला चहा पाजला.

२ मार्च
बाजारात चार्जर नाही. आहेत ते डबे. स्वतः करणार.
सुलोचना म्हणाली, अहो, दुकान उघडायचंय की चार्जरचा कारखाना? तिने पुढच्या खोलीत साड्यांना फॉल लावून द्यायचं काम सुरू केलंय. तात्पुरतं. टेबलाचा अर्धा भाग दिला.

१९ एप्रिल
चार्जर तयार. तांब्याचं वायंडिंग, जाड पत्रा, पितळी टर्मिनल. रद्दीवाल्याच्या काट्यावर चौतीस किलो. कटऑफ अर्थातच नाही. नारळ फोडला. गिऱ्हाईक आलं नाही. हिच्याकडे तीन बायका आल्या, प्रसाद त्यांना वाटला.
टेबल कुरकुरतं. टेबल मी केलेलं नाही.

२७ एप्रिल, सकाळी
पहिलं गिऱ्हाईक. अशोक, टेम्पोवाला. बॅटरी ठेवताना म्हणाला, भिया, नई है, संभाल के. त्याला वायंडिंग दाखवलं. त्याने घड्याळ पाहिलं. असो. बॅटरी लावली, करंट चांगला सणसणीत ठेवला.
जेवून जरा पाठ टेकतो. चार्जर चालू आहे, काळजी नाही.

२७ एप्रिल, संध्याकाळी
उठलो तेव्हा ही खिडक्या उघडत होती, पदर नाकाला. खोलीत ॲसिडचा उग्र वास. बॅटरी उकळून आटली, बाजूंनी फुगली. शेजारी घडी करून ठेवलेल्या गिऱ्हाइकाच्या साडीवर बारीक बारीक भोकं.
चार्जर जेमतेम कोमट. अजूनही चालू होता. नोंद करून ठेवतो.

२८ एप्रिल
अशोक आला. एवढंच म्हणाला, अंकल, चार्ज करने दी थी, उबालने नी दी थी. काल भिया होतो. त्याचा टेम्पो उभा आहे, शाळेच्या पोरांचा फेरा बुडाला.
नवी बॅटरी हिने घेऊन दिली, फॉलच्या पैशांतून. साडीचेही तिनेच भरले. मला एक शब्द बोलली नाही. बोलली असती तर मी उत्तर तयार ठेवलं होतं.
चार्जर टेबलावरून खाली उतरवायला दुसरा माणूस लागतो. अशोकनेच हात लावला. पूर्ण टेबल आता तिच्याकडे. तात्पुरतं.

६ मे
महाराणी रोडला गेलो. कटऑफ आत कसा बसवतात, सहज माहिती म्हणून विचारायला. शेठने चार्जर समोर ठेवला, उघडायला पेचकसही दिला. मग म्हणाला, शंकररावजी, मेरा पूरा माल खोल-खोल के आपने देखा है. इतना तो बनानेवाले को नी मालूम. वो देपालपुरवाला दो और लोगों को भेज चुका, बोला, वो चश्मेवाले साब से समझेंगे. आप काउंटर पे बैठ जाओ.
मी म्हटलं, जो चार्जर मी नापास केला तो मी विकणार नाही.
तो म्हणाला, घर में पूछ लो, कल बता देना. मी म्हटलं, घरात विचारायचं काही नाही. तो दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळला.
घरी आलो. ही मान खाली घालून सुई ओवत होती, दोनदा चुकली. कुठे गेला होतात, तिने विचारलं. बाजारात, म्हटलं.
शेठने सांगितलेली नोकरी: सकाळी दहा ते संध्याकाळी सात, रविवार सुट्टी, दिवाळीला एक पगार जास्त. महिना नऊशे रुपये. नाही म्हणून आलो.